शाकाहारी मासा

कडोदऱ्याला खोली घेतली तेव्हा घरमालक काकांनी भाडं नंतर सांगितलं, अट आधी. "मच्छी-मटण नहीं चलेगा, भाई." मी मान डोलावली. पोटासाठी सुरतेकडे आलेला खानदेशी माणूस आणखी काय करणार? तापीही तशीच आली म्हणा. मुलताईला निघाली, आमच्या खानदेशातून वाट काढत 724 किलोमीटर चालून सुरतेपुढे समुद्राला मिळाली. तिने मासे बरोबर आणले, तर तिला कुणी हटकलं नाही.

मी लाकडाचे मासे करू लागलो, ते सूड म्हणून नव्हे. हायवेजवळच्या भंगारवाल्याकडे मशिनांच्या खोक्यांच्या फळ्या मिळतात आणि रविवारी हात रिकामे असतात. शिवाय वाटलं, मासा सगळ्यांत सोपा. हात नाहीत, पाय नाहीत, चेहऱ्यावर भाव आणायची भानगड नाही. पटाशी हातात घेतली नि अक्कल आली. माशाचं पोट फुगीर, दोन्ही टोकं निमुळती. म्हणून पटाशी पोटाकडून तोंडाकडे आणि पोटाकडून शेपटीकडे, अशी उतारानेच चालवायची. चढाने चालवली की ती लाकडाच्या रेषांत घुसते आणि ढलपी उडते. माझ्या पहिल्या रोहूची शेपटी अशीच उडाली. उरला तो बटाटा.

दुसऱ्यावर खवले कोरले. गोल पटाशीने, एकेक टोचत, तीन रविवार. खवल्याची मोकळी कड शेपटीकडे हवी; कौलं कशी वळचणीकडे उतरत जातात, तशी. मी सगळ्या कडा तोंडाकडे करून ठेवल्या. काका पाण्याच्या मोटारीचं विचारायला आले, चष्मा कपाळावर चढवून मासा हातात घेतला आणि म्हणाले, "आ माछली तो ऊंधी छे!" जन्मात मासा न चाखलेल्या माणसाने आपल्या माशाची चूक काढावी!

गंमत बघा. सावंतवाडी म्हणजे मासळीवर जीव टाकणारा मुलूख, पण तिथल्या चितार आळीचं नाव झालं ते लाकडी आंब्या-केळ्यांनी आणि वांग्यांनी. मासा आठवतो तो तिथल्या दशावतारी गंजिफ्यात. 120 पानांचा डाव, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं, पहिला मान मत्स्याचा. आणि मी इथे, शुद्ध शाकाहारी वाड्यात, रोहू घडवत बसलेला.

काकांना मी हा मत्स्यच ऐकवला. ते नुसते हसले. आतून काकांच्या घरातल्या बा मात्र हात पुसत आल्या, मासा पदरात घेतला, "भगवान छे," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

उलट्या खवल्यांचा तो मासा आता त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या शोकेसमध्ये असतो. खोलीची अट कायम आहे. भाडं यंदा दोनशेने वाढलं.