उन्हाळी प्रेषित

मे संपत आला की अमेरिकेतल्या चर्चमधल्या कॉलेजकुमारांना परदेशातल्या दुःखाची आठवण होते. दुःख ग्वाटेमालातलं असलं तर उत्तम: विमान जवळचं, हवा बरी, जाता जाता अँटिग्वाही बघून होतं. खर्चाची काळजी नाही. आत्या, शेजारी, दातांचा डॉक्टर, सगळ्यांना देणगीपत्र जातं. सेवा हे मिशनचे उन्हाळी इंटर्न करणार. पैसे, पुण्य आणि करसवलतीची पावती दुसऱ्यांकडे.

मग एकरंगी टी-शर्टांची टोळी शाळेची भिंत रंगवायला घेते. रंग भिंतीवर कमी, कोपरांवर जास्त. गावचा रंगारी फाटकाशी उभा राहून बघतो. यांच्या विमानभाड्यात त्याने अख्खी शाळा रंगवली असती, पण त्याचा फोटो कुणी काढला नसता. (रात्री तोच येऊन ओघळ पुसत असावा, असा आपला माझा संशय.) स्पॅनिश ‘ओला’पाशी अडतं, तरी अहवालात मनं पालटलेल्यांचा आकडा असतोच.

जुना मिशनरी अदोनिराम जडसनही अमेरिकनच. १८१३ मध्ये रंगूनला उतरला, बर्मी भाषेशी झटला आणि पहिल्या बर्मी माणसाला बाप्तिस्मा द्यायला १८१९ उजाडलं. आज असता तर देणगीदारांनी पहिल्याच सप्टेंबरात हात आखडला असता. त्याच्याबरोबर दीक्षा घेतलेला गॉर्डन हॉल मुंबईत मराठी शिकला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेला. आमच्या इंटर्नला तेवढी सवड कुठली? ऑगस्टअखेर कॉलेज सुरू होतं.