चोरीस पात्र

मनुष्याच्या प्रतिष्ठेची जी अनेक गमके समाजाने मानली आहेत, त्यांत ‘ह्याच्या घरी चोराने यावे असे काही आहे काय?’ हे गमक मला सर्वांत प्रामाणिक वाटत आले आहे. कारण सत्कार करणारे वर्गणीचा अंदाज घेऊन सत्कार करतात, सोयरे खसऱ्याची नक्कल पाहून स्नेह वाढवितात, परंतु चोर हा एकच परीक्षक असा, की जो तुमच्या मालाची किंमत ठरविताना स्वतःची हाडे पणास लावतो. ह्या परीक्षेस बसविण्याजोगी माझ्यापाशी एकच जंगम मालमत्ता आहे, ती म्हणजे माझी येझ्दी. आणि तिगावच्या मंडळींनी ‘गुर्जीची फटफटी’ म्हणून तिला कितीही हिणवले, तरी आज ना उद्या ती कोणीतरी चोरील, हा विश्वास मी मास्तरकीत असताना आणि पेन्शनीत आल्यावरही ढळू दिलेला नाही.

म्हैसूरच्या ज्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून प्रथम जावा आणि पुढे येझ्दी बनत असे, त्यास १९९६ साली टाळे लागले आणि त्यानंतर पाव शतकभर माझी गाडी गावाच्या हिशेबी मोडीतच जमा होती, हे मी नाकारीत नाही. परंतु २०२२ च्या जानेवारीत येझ्दी हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा झळकले, आणि पुढे थोड्याच दिवसांत नागपूरहून मुलताईकडे निघालेला, चामडी जाकीट घातलेला एक तरुण चहाच्या टपरीशी थांबला, त्याने माझ्या गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टाकीवर टिचकी मारून आवाज ऐकला आणि मोठ्या अदबीने विचारले, “काका, देता का?” मी “नाही” म्हटले, आणि ते ज्या दिमाखात म्हटले तो दिमाख संस्थाने विलीन होताना एखाद्या राजालाही साधला नसेल. त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याने किंमत विचारली, तो उद्या किंमत न विचारताही येऊ शकेल, ह्या विचाराने मी भ्यालो होतो, असे मी घरी सांगितले. वास्तविक मी हरखलो होतो.

मग बंदोबस्त सुरू झाला. अलीगढचे एक कुलूप आणले, जे उचलताना माझ्या मनगटास कळ येई. विहिरीच्या मोटेची जुनी साखळी माळ्यावरून काढली. अंगणातल्या कडुनिंबाला गाडी जखडून टाकली. शेजारच्या म्हाताऱ्या आजीने सकाळी हे दृश्य पाहिले आणि विचारले, “काहून गुर्जी, येडी झाली का फटफटी? बांधून ठेवली?” तेवढ्यावर मी थांबलो नाही. नागपुरास सीताबर्डीवर जाऊन मी गाडीला भोंगा बसवून आणला, ज्याला गाडीस धक्का लागला की आपोआप आक्रोश करण्याची विद्या अवगत होती. पण तिगाव हे लोहमार्गावरचे गाव आहे, इथून पुढे चिचोंड्यापर्यंत घाटाची चढण लागते, आणि त्या चढणीस लागलेली कोळशाची मालगाडी गावातून जाते तेव्हा आमच्या घराच्या फळीवरील कपबशादेखील जाग्या होतात, ह्याची त्या भोंग्याला कोणी कल्पना दिली नव्हती. परिणामी प्रत्येक मालगाडीगणिक माझी येझ्दी ‘चोर, चोर’ म्हणून अख्ख्या आळीस उठवू लागली. सौभाग्यवतींनी काही दिवस हे सोसले, आणि मग शांतपणे त्या भोंग्याची तार स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापली. “अहो, चोर आला तर मी ओरडेन,” त्या म्हणाल्या, “माझा आवाज काही कमी नाही.” ह्या विधानाच्या सत्यतेविषयी मला शंका नव्हती.

खरे पाहता येझ्दीला बाहेरच्या पहाऱ्याची गरजच नाही. तिच्या डाव्या पायाशी जो गियरचा दांडा असतो, तोच आत दाबून वर फिरविला की किक होतो. ज्याचा जन्म कारखान्याला टाळे लागल्यावरचा आहे असा चोर उजव्या बाजूला किक शोधीत बसेल आणि उजाडेल. शिवाय मी रात्री पेट्रोलची तोटी बंद करतो. तोटी बंद असली तरी कार्बोरेटरमध्ये उरलेल्या थेंबांवर गाडी सुरू होते, फार तर नाक्यापर्यंत जाते, आणि भर रस्त्यात चोराला घेऊन अशी मरते की त्याची दातखीळ बसावी. किल्लीविषयी मात्र मी बोलत नाही. ती इतकी झिजली आहे की तिच्या जागी आमच्या कपाटाची किल्ली घातली तरी गाडी चालू होते, आणि हे गुपित ज्यांना ठाऊक आहे त्यांत आमचा धाकटा नातूही आहे.

येथे मला बैलांविषयी थोडे बोलले पाहिजे, आणि वाचकाला ते विषयांतर वाटले तर माझा इलाज नाही. कारण आमच्या भागात वाहन म्हणजे प्रथम बैल, आणि चोरी म्हणजे प्रथम बैलचोरी. आमच्याकडची जात गवळाऊ, वर्धा-नागपूरपासून छिंदवाड्यापर्यंतच्या पट्ट्यातली: पांढरी, उंच, चपळ, पळण्यात इतकी तरबेज की मराठ्यांच्या फौजांचे सामान हिच्या खांद्यावरून गेले असे सांगतात. वडिलांची अशी एक जोडी होती. बाजारात बैल विकला म्हणजे जी पावती फाडीत, तीत कारकून बैलाचे वर्णन अशा तपशिलाने लिही की वधूपक्षाच्या पत्रातही तेवढा तपशील नसे: रंग पांढरा, शिंगे मागे वळलेली, कपाळी भोवरा एक, उजव्या कानास चीर, शेपटीचा गोंडा काळा, दात सहा. आजच्या गाडीच्या सांगाड्यावर सतरा अक्षरांचा जो क्रमांक ठोकलेला असतो तो हाच. फरक इतकाच की भोवरा कानशीने घासून टाकता येत नसे. ज्याला बैल न्यायचा असेल त्याला आधी बैलाशी ओळख करून घ्यावी लागे. रात्री-अपरात्री कुंपणाशी येऊन ढेपेचा तुकडा पुढे धरावा लागे, मानेखाली खाजवावे लागे, आणि इतकी माया लावूनही ऐन वेळी बैल हंबरला की सारी मेहनत मातीत. अनोळखी माणसाने दावे सोडले तरी बैल पाऊल उचलत नसे. आणि समजा नेलाच, तरी तो सुटला की आपल्या पायांनी घरी येई. वाटेत कोणाच्या शेतात शिरून कोंडवाड्यात अडकला, तर १८७१ च्या कायद्याने ठरलेला दंड भरून मालकाने त्यास सोडवून आणावे, एवढाच सरकारचा व्याप.

आमच्या जोडीतला एक, थोराड आणि चिडका, वडिलांनी अडचणीच्या वर्षी सौंसरकडच्या एका शेतकऱ्यास विकला होता. पावसाळ्यात एके पहाटे तो गोठ्याच्या दाराशी उभा. गळ्यात तुटलेले दावे, अंगावर चिखल. वडील त्यास काही बोलले नाहीत. त्याला पाणी पाजून, तो चिखल गोणपाटाने पुसून, ते स्वतः पायी त्यास परत पोहोचवून आले. व्यवहार झाला होता, पावती फाटली होती. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी उरलेल्या बैलाचे खांदे शेकताना पळसाच्या पानावरचे तूप-हळद त्यांच्या हातातून सांडत होते, ते का, हे कळण्याचे माझे वय नव्हते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार पाहायला सारा गाव गेला. वडील गेले नाहीत.

असो. येझ्दी ढेपेला भुलत नाही हे खरे, पण ती हंबरतही नाही. वाहन बदलले आणि निष्ठेचा प्रश्न निकालात निघाला. ज्याच्या हाती किल्ली, त्याची गाडी.

ह्यात आमची आणखी एक स्थानिक गैरसोय अशी, की चोराला प्रांतरचना मान्य नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी नागपूर ही आमचीच राजधानी होती. त्या तारखेस विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला गेली, आणि आम्ही मराठी बोलत बोलत मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्ण्याला जिल्ह्याचा दर्जा मिळाला, तरी नरखेड आणि वरूड जिथे होते तिथेच आहेत: सरहद्दीपलीकडे. चोराला ही सरहद्द ओलांडायला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो. फिर्यादीला मात्र ती कागदोकागदी ओलांडावी लागते, आणि शिवाय भाषांच्या सरहद्दी असतात त्या निराळ्याच; नुकसान मराठीत होते, फिर्याद हिंदीत लिहिली जाते, आणि विम्याचा कागद इंग्रजीत असतो.

हा शेवटचा मुद्दा मला विनोदाने लिहिता येत नाही, कारण तो कागद मीच वाचून दाखविला आहे. आमच्या आळीत एक पोरगा आहे. पहाटे गावातले दूध गोळा करून दोन कॅन दोन्ही बाजूंना टांगून पांढुर्ण्याला नेतो. हप्त्यावर घेतलेली त्याची स्प्लेंडर बाजाराच्या दिवशी गर्दीतून गेली. हँडल लॉक होते. पण तरबेज पायाच्या एका हिसड्यात हँडल लॉक तुटते, हे शहरात सर्वांना ठाऊक आहे आणि खेड्यात कोणालाच नाही. काही दिवसांनी जामच्या कोरड्या पात्रात त्याच्या गाडीची नंबरपाटी सापडली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना जी बंदोबस्ताची पाटी लागते तीच ही. अशोकचक्राच्या चकचकीत मोहरेची, लेसरने क्रमांक कोरलेली, एकदा बसविली की स्क्रू पिळून काढताच येत नाही अशा कुलपाची. चोराने ते कुलूप काढले नव्हते. मागची पट्टीच करवतीने कापली होती. पोराच्या हातात ती पाटी होती आणि तिचे कुलूप शाबूत होते.

“गुर्जी, पाच वर्षांचा इमा हाय ना माह्या गाडीचा,” असे म्हणून त्याने तो कागद माझ्यापुढे ठेवला, आणि ठेवताना तो हसत होता. कागदात पाच वर्षे लिहिलेली होती, खोटे काही नव्हते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत जो पाच वर्षांचा विमा सक्तीने घ्यावा लागतो, तो तुमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर त्याची भरपाई करणारा. तुमची स्वतःची गाडी चोरीस गेली तर भरपाई देणारा भाग त्याच्या कागदात एकाच वर्षाचा होता, आणि ते वर्ष केव्हाच सरले होते. हे वाक्य त्या कागदावर होते, आठव्या की नवव्या ओळीत, मुंगीच्या अक्षरात, अशा इंग्रजीत की आयुष्यभर पोरांचे निबंध तपासलेल्या मलाही ते दोनदा वाचावे लागले. जो कागद विकत घेणाऱ्याला वाचता येत नाही तो विकण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हा प्रश्न मी त्या दिवसापासून ज्याला-त्याला विचारतो आहे, आणि लोक मला ‘गुर्जी, चहा घ्या’ म्हणतात. चोरीचे कलम ३७९ जाऊन १ जुलै २०२४ पासून ३०३ आले; मुद्देमाल न मिळाल्यास पोलीस न्यायालयात खात्मा लावतात; हप्त्याला मात्र खात्मा नाही. नसलेल्या गाडीचा हप्ता तो पोरगा आजही भरतो.

म्हणून मी त्याला येझ्दी दिली. ह्यात औदार्य शोधू नये. दुधाच्या कॅनांनी टाकीच्या दोन्ही बाजूंचा रंग खरवडला तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो. दांड्याची विद्या मात्र त्याने एका सकाळीत आत्मसात केली, आणि तेव्हा माझ्या किल्ल्याचा शेवटचा बुरूज ढासळल्याचे दुःख मला झालेच.

आणि एके दिवशी निरोप आला: पोराला पांढुर्ण्यात अडविले आहे, दुसऱ्याची गाडी घेऊन फिरतो म्हणून. वाचकहो, माझ्या मनाची जी स्थिती झाली ती लिहिण्यास मला संकोच वाटतो. पोराविषयी काळजी वाटली, हे खरेच. पण तिच्याखाली एक आनंदाची ऊर्मी होती. अखेर कोणाला तरी वाटले होते की माझी येझ्दी चोरलेली असू शकते! मी धुतलेला सदरा घातला, गाडीचे पुस्तक, कराच्या पावत्या आणि दोन्ही किल्ल्या घेतल्या (त्यांतली एक कपाटाची), आणि मिळेल त्या वाहनाने पांढुर्णे गाठले.

पोरगा बाकावर बसून चहा पीत होता. शिपायाने गाडी पाहताच त्याला सोडून दिले होते. “गुरुजी, ये कौन चुराएगा?” तो हसून म्हणाला, आणि भोवतालचे चार लोकही हसले.

हा अपमान गिळून परतणे शहाणपणाचे झाले असते. पण मी म्हटले, कायदा म्हणजे कायदा. आपण रीतसर क्रमांक तपासून घ्या. माझ्या आग्रहास्तव तो बिचारा वाकला, सांगाड्याच्या मानेवरचे वंगण त्याने बोटाने पुसले, आणि पुसतच राहिला. गेल्या दिवाळीत मी मोठ्या हौसेने गाडीला जो मरून रंग मारून घेतला होता, त्याच्या दोन थरांखाली क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे बुजून गेले होते. शिपाई सरळ झाला. त्याने पुस्तकाकडे पाहिले, गाडीकडे पाहिले, आणि मग प्रथमच काहीशा आदराने माझ्याकडे पाहिले.

“गुरुजी, तो फिर ये गाडी आपकी है, इसका सबूत?”

मी पावत्या पुढे केल्या, त्यांवरही आकडेच होते. मी किल्ली पुढे केली. ती नेमकी कपाटाची निघाली. तेव्हा दूधवाल्या पोराने कप खाली ठेवला, तोंड पुसले आणि उभा राहून साक्ष दिली:

“साहेब, मी ओयखतो ना. गुर्जीचीच हाय. जमानत पाह्यजे तं माही घ्या.”