वय वाढवून सांगणारे सर्व्हर

सर्व्हर रूममध्ये नवा सर्व्हर येतो तेव्हा खोका उघडायला अख्खं आयटी डिपार्टमेंट हजर असतं. ताजा प्रोसेसर, चिक्कार रॅम, आणि बिलही तसंच. तो रॅकमध्ये चढतो, केबली लागतात आणि ॲडमिन त्याला पहिला हुकूम सोडतो: तुला जे नवीन येतं, ते कुणाला सांगायचं नाही.

हा छळ नव्हे, नाइलाज आहे. या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालवायचे असतात आणि त्यांत जवळपास सगळंच बनावट. नेटवर्क कार्ड नसतंच, डिस्क म्हणजे बहुधा एक भलीमोठी फाइल, बायोससुद्धा सोंगाचा. म्हणून तर ‘हार्डवेअरची कटकट संपली’ असं विकणारे छातीठोकपणे सांगतात. प्रोसेसरचं नाव मात्र हळूच घेतात. वेगासाठी मशीनच्या बहुतेक सूचना थेट खऱ्या चिपवर चालतात. मशीन सुरू होताना सीपीयूआयडी नावाच्या सूचनेने विचारतं, ‘तुला काय काय येतं?’ आणि मिळालेलं उत्तर बंद होईपर्यंत प्रमाण मानतं.

आणि नेमकं ते चालू असतानाच त्याला दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचं असतं. २००५ साली केंब्रिजच्या संशोधकांनी झेन या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरवर केलेले असे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातला एक क्वेक ३ या गोळीबाराच्या खेळाच्या सर्व्हरवर होता. खेळाडू एकमेकांवर गोळ्या झाडत असताना खालचा संगणक बदलला. खंड पडला ६० मिलिसेकंदांचा. युक्ती अशी की मेमरी आधी सगळी पाठवायची, तेवढ्यात बदललेली पानं पुन्हा पाठवायची आणि उरलंसुरलं थोडकं राहिलं की क्षणभर थांबवून तेही न्यायचं.

मेमरी जाते, चिप मागेच राहते. समजा, मशीन एव्हीएक्स-५१२ हा सूचनासंच येणाऱ्या प्रोसेसरवर सुरू झालं. लिनक्सची सी लायब्ररी प्रोग्राम सुरू होतानाच ठरवून टाकते, की मेमरी कॉपी करायची कुठली तऱ्हा इथे सगळ्यात जलद. मग तोच प्रोग्राम जुन्या सर्व्हरवर गेला, की चिप ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणते आणि तो जागीच आडवा होतो. व्हीएमवेअरने २००८मध्ये यावर ईव्हीसी आणलं. क्लस्टरमधल्या सगळ्यात जुन्या चिपला जेवढं येतं, तेवढंच सगळ्यांनी येतं म्हणायचं. पंगतीत आजोबांचा शेवटचा घास होईपर्यंत कुणी उठत नाही, तसं.

आजोबा यथावकाश भंगारात जातात. ॲडमिन मोठ्या उत्साहाने ईव्हीसीची पातळी वाढवतो, पण चालू मशीनना त्याचा पत्ताच नसतो. नुसतं रीस्टार्ट पुरत नाही. पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. आणि अकाउंट्सचं मशीन बंद करायला कधी जीएसटी रिटर्न आडवं येतं, कधी ऑडिट, कधी मार्चअखेर.

वय वाढवून सांगण्यालाही मर्यादा आहे. प्रॉक्समॉक्स या व्हीएमवेअरला पर्याय असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी आपोआप निवडला जाणारा केव्हीएम६४ हा प्रोसेसरचा प्रकार इतका म्हातारा, की रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ त्यावर उभंच राहत नाही. खाली कोरी करकरीत चिप, आणि वर तक्रार, की प्रोसेसर फार जुना आहे!

बरं, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेले सर्व्हर तरी सारखे? ती खात्रीही २०१८च्या जानेवारीत गेली. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवर उपाय म्हणून चिपसाठी नवा मायक्रोकोड आला आणि ज्या सर्व्हरला तो मिळाला, त्याच्या उत्तरात नवे बिट उगवले. तो न मिळालेल्या जुळ्या भावाकडेही मशीन जाईना.

इंटेल आणि एएमडी यांच्यात तर ईव्हीसीही मध्यस्थी करत नाही. तिथे मशीन बंद करायचं, न्यायचं, सुरू करायचं. आणि बंद करून नेलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यावर अनेकांनी प्रॉक्समॉक्सची वाट धरली. लिनक्स तिथे झकास बूट होतं, फक्त नेटवर्क नसतं. ईएनएस१९२ नावाचं कार्ड आता ईएनएस१८ झालेलं असतं, आणि कॉन्फिग फाइल जुन्याच नावाची वाट बघत बसलेली.

विंडोजचा तर खास निळा पडदा: ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. डिस्क समोर आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला व्हर्टआयओ या प्रॉक्समॉक्समधल्या बनावट उपकरणांचा ड्रायव्हर लागतो आणि तो आधी घातलेला नसतो. त्यावरचा तोडगा इरसाल आहे. मुख्य डिस्क साटा म्हणून जोडून विंडोजला कसंबसं उठवायचं. सोबत एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर लावायची, कामाची काहीच नाही, फक्त तिच्या निमित्ताने विंडोजने ड्रायव्हर घ्यावा म्हणून. मग मशीन बंद करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर आणायची, बूटचा क्रम तपासायचा आणि ती रिकामी डिस्क काढून टाकायची.

ती काढायची राहतेच. वर्षभराने नवा मुलगा कामाला लागतो, यादी चाळताना विचारतो, ‘सर, ही एक जीबीची डिस्क कशाला आहे?’

‘तिला हात लावू नकोस,’ सर म्हणतात.