आजीस भाजणी

ज्या मनुष्याने मामलेदार कचेरीत चौतीस वर्षे इमानेइतबारे कारकुनी केली, फेरफाराच्या नोंदींवर हरकती काढता काढता ज्याच्या डोक्यावरचे केस गेले, आणि ज्याच्या टेबलासमोर छत्र्या, पिशव्या व पाच रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प सांभाळीत उभे राहिलेले अर्जदार ज्याला सदैव 'साहेब' म्हणत आले (वास्तविक साहेब आत बसत, मी बाहेर बसे), त्या मनुष्यावर उतारवयात स्वतःच अर्जदार होण्याची पाळी यावी, हा एकवेळ दैवाचा न्याय म्हणता येईल, पण तो न्याय अमेरिकेत, न्यू जर्सी संस्थानात, चिरंजीवांच्या स्वयंपाकघरात, सुनेच्या देखत मिळावा, ही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने थोडी जबर झाली, असे मला अजून वाटते.

निमित्त झाले भाजणीचे. आमच्या सौभाग्यवतींच्या हातची थालीपिठाची भाजणी हा विषय एका लेखात मावणारा नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे आणि जिरे ही मंडळी ती कधीही एकत्र भाजीत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र कढईप्रवेश. डाळ तांबूस झाली की उतरायची, पण तांबूस म्हणजे किती तांबूस हे विचारायचे नाही, बघायचे; ज्वारीच्या चार दाण्यांनी फुटून निरोप दिला की पाचव्याची वाट पाहायची नाही; आणि धणे सर्वांत शेवटी, कारण धण्यांचा वास आधी उठला की मग बाकीच्यांचे वास नाकाला कळेनासे होतात. ह्या भाजणीची थालीपिठे इथल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दोन वर्षे लागोपाठ खाल्ली गेली आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे 2022 साली, सुनेने जाहीर केले की आई, आता हे फुकट वाटणे पुरे, आपण धंदा काढायचा. तासाच्या भाड्याने मिळणारे परवानाधारक स्वयंपाकघर तिने शोधले, पिशव्यांवर छापायला नऊवारीतल्या आजीबाईंचे चित्र तिने काढून घेतले, आणि ट्रेन्टनच्या सरकारदरबारी एकशे पंचवीस डॉलर भरून 'आजीज् भाजणी' ह्या नावाची मर्यादित जबाबदारीची कंपनीही तिनेच नोंदवली. कंपनीची एकमेव मालकीण सौभाग्यवती. माझ्याकडे कढईत उलथणे फिरवण्याचे काम होते व आहे.

धंद्याचे खाते उघडण्यासाठी आम्ही बँकेत गेलो, तेव्हा तेथील तरुणाने अतिशय गोड हसून ई.आय.एन. मागितला. एम्प्लॉयर आयडेंटिफिकेशन नंबर. म्हणजे संघसरकारच्या महसूल खात्याने, ज्याला इकडे आय.आर.एस. म्हणतात, प्रत्येक धंद्याच्या कपाळी लिहिलेला नऊ आकडी नंबर: आधी दोन आकडे, मग एक आडवी रेघ, मग सात. नावात 'एम्प्लॉयर' असले तरी पदरी नोकर असलाच पाहिजे असे नाही. माणसाला जसा सोशल सिक्युरिटी नंबर, तसा धंद्याला हा. एकाच मालकाची कंपनी असेल आणि नोकरचाकर नसतील, तर आयकराच्या कामी मालकाचाच नंबर चालतो, असे खुद्द खात्याचे म्हणणे आहे. परंतु खात्याचे म्हणणे आणि बँकेचे म्हणणे ह्यांत बँकेचेच ऐकावे लागते, एवढे महसुलात राहून मलाही समजले होते.

नंबर म्हटल्याबरोबर माझ्या अंगात जुने वारे संचारले. मी चिरंजीवांना बजावले की हे काम तुमचे नव्हे. अर्जाचा नमुना 'एस.एस. फोर' नावाचा असून तो आजकालचा नाही. सोशल सिक्युरिटीचा कायदा झाल्यानंतर 1936 च्या नोव्हेंबरात टपालखात्यामार्फत देशभरच्या मालकांना हेच नमुने वाटले गेले, आणि 'एस.एस.' ही अक्षरे त्या वेळची. आमचे थोरले बंधू 1936 चेच. त्यांच्याइतका जुना कागद असूनही तो अजून चालता आहे, हे कळल्यावर मला त्या कागदाविषयी एक कौटुंबिक जिव्हाळा वाटू लागला. अर्ज टपालाने पाठवला तर सुमारे चार आठवडे लागतात, फॅक्सने पाठवला तर कामकाजाचे चार दिवस, आणि संगणकावर केला तर तत्क्षणी नंबर मिळतो, असे सुनेने वाचून दाखवले. मी अर्थातच टपालाच्या बाजूने मत दिले. चार आठवडे ही मुदत मला भारदस्त वाटली; ज्या नंबरासाठी मनुष्याला चार आठवडेही थांबावे लागत नाही, त्या नंबराची पुढे कोण कदर करणार? शिवाय पोचपावतीसह रजिस्टर करून पाठवलेल्या अर्जाला जे एक वजन असते, ते काचेवर बोट टेकवून केलेल्या अर्जाला कोठून येणार? माझे मत नोंदवून घेण्यात आले आणि संगणक उघडण्यात आला.

पहिल्या रात्री काही झाले नाही, कारण चिरंजीव घरी आले, जेवले, आणि आम्ही बसलो तेव्हा सव्वादहा झाले होते. त्या वेळी ह्या संगणकीय अर्जाची वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात ते रात्री दहा अशी मुक्रर होती. चिरंजीवांना ह्याचे नवल वाटले. यंत्राला कसली आली आहे कचेरीची वेळ, असे ते म्हणाले. मला मात्र त्या क्षणी ह्या परक्या देशाविषयी प्रथमच आपुलकी वाटली. ज्या यंत्राला दहा वाजता दप्तर बांधून घरी जावेसे वाटते आणि जे शनिवार-रविवार अर्जदाराचे तोंड पाहत नाही, ते यंत्र आपल्याच जातकुळीचे आहे अशी माझी खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी मी व सौभाग्यवती असे दोघेच बसलो. ती मालकीण म्हणून खुर्चीवर, आणि मी जाणकार म्हणून स्टुलावर. अर्जाच्या दारावरच सूचना होती की पंधरा मिनिटे काही हालचाल न केल्यास सर्व पुसले जाईल व पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागेल. अर्धवट अर्ज राखून ठेवण्याची सोय नाही. मी ही सूचना दोनदा वाचली. नंतर, कोणताही कागद भरण्यापूर्वी त्याखालची बारीक अक्षरे वाचावीत ह्या शिरस्त्याला अनुसरून, 'जबाबदार व्यक्ती' ह्या संज्ञेची व्याख्या वाचायला घेतली. ती व्यक्ती हाडामांसाचा मनुष्य असली पाहिजे, तिच्यापाशी धंद्याच्या पैशाची व मालमत्तेची सूत्रे असली पाहिजेत, आणि पुढे कधी ती बदलली तर साठ दिवसांच्या आत कळवले पाहिजे, असे बरेच काही होते. चष्मा पुसला, पुन्हा वाचले, त्याचे मराठीत निरूपण केले.

"अहो, ते गेलं," सौभाग्यवती म्हणाली.

"काय गेलं?"

"सगळंच. तुमचं निरूपण चाललं होतं तेव्हा."

दोष यंत्राचा नव्हता. माझ्या टेबलासमोर माणसे तास तास उभी असत, पण ती पुसली जात नसत, एवढाच काय तो फरक.

पुन्हा बसलो. 'जबाबदार व्यक्ती कोण?' ह्या प्रश्नाशी आल्यावर तिने माझ्याकडे न पाहताच स्वतःचे नाव घातले. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न आमच्या घरात कोणी मोठ्याने विचारला नव्हता; उत्तर मात्र दोघांनाही ठाऊक होते. मग संगणकाने चौकशी आरंभली. पंचावन्न हजार पौंड किंवा त्याहून अधिक वजनाचे मोटार वाहन तुमच्या धंद्यापाशी आहे काय? (हे सुमारे पंचवीस हजार किलो झाले. आमच्यापाशी दोन किलोची कढई आहे.) जुगार अथवा पैजांशी तुमचा संबंध आहे काय? दारू, तंबाखू किंवा बंदुका तुम्ही बनवता वा विकता काय? सौभाग्यवती प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणत होती, पण तिचा चेहरा उत्तरोत्तर असा होत चालला होता, की जणू समोर सी.आय.डी.चा फौजदार बसला आहे. बंदुकांच्या प्रश्नाला तर ती म्हणाली, "ह्यांना सांगा, थालीपीठ म्हणजे काय ते." तशी सोय अर्जात नव्हती. पुढील बारा महिन्यांत पगारी नोकर ठेवणार काय, ह्या प्रश्नालाही तिने 'नाही' असेच उत्तर दिले. उलथणे फिरवणाऱ्याच्या मनाला त्या वेळी काय वाटले, ह्याचा रकाना अर्जात नसल्यामुळे तो तपशील दप्तरी दाखल झालेला नाही.

खरी अडचण आली ती नावाशी. इंग्रजीत 'आजी' आणि 'एस' ह्यांच्या मध्ये, वरच्या अंगाला, उलट्या स्वल्पविरामासारखे जे एक चिन्ह लोंबत असते, जे सुनेने हौसेने घातले होते आणि ट्रेन्टनने मुकाट्याने मान्य केले होते, ते ह्या अर्जाला चालत नाही. अक्षरे चालतात, आकडे चालतात, आडवी रेघ चालते, 'आणि'चे ते गाठ मारल्यासारखे चिन्ह चालते. बाकी सर्व वर्ज्य. तेव्हा ते चिन्ह काढून टाका, असा खात्याचा सरळ उपाय.

आता हा उपाय इंग्रजीच्या दृष्टीने निरुपद्रवी असेल. परंतु चौथीत गुरुजींच्या छडीखाली 'स, ला, ते' हे विभक्तिप्रत्यय घोकलेल्या मनुष्याने काय करावे? चिन्ह काढल्यावर जे उरले, ते मराठी डोळ्यांनी वाचले तर सरळसरळ 'आजीस भाजणी' होते. म्हणजे जी भाजणी षष्ठीने आजीची होती, ती एका टिंबाएवढ्या चिन्हाच्या अभावी चतुर्थीने आजीला दिलेली झाली. मालकीणच दानपात्र ठरली! व्याकरणाचा इतका उघड अनर्थ महसुली दप्तरात माझ्या देखत शिरतो आहे हे पाहून मी सौभाग्यवतीला थांबवले आणि नाव बदलण्याचा रीतसर प्रस्ताव मांडला. ती म्हणाली, "आत्तापर्यंत आजीनं सगळ्यांना दिली. आता आजीस दिली तर तुमचं काय जातं?" आणि तिने पुढचे बटण दाबले.

आणि नंबर आला.

वाचकहो, त्या क्षणी मला जे दुःख झाले, ते व्यवसायाचे दुःख होते. कोणी हरकत काढली नाही, कोणी 'उद्या या' म्हटले नाही, साहेब दौऱ्यावर नव्हते, एक सेंटही फी पडली नाही. नऊ आकडे पडद्यावर मुकाट्याने उभे राहिले. ह्या आकड्यांतील पहिल्या दोहोंवरून धंदा देशाच्या कोणत्या भागातला हे पूर्वी ओळखता येई. 2001 पासून सारी वाटणी एके ठिकाणी आल्यामुळे तो अर्थही त्यांतून गेला. हा नंबर एकदा दिला की तो जन्माचा. धंदा बुडाला, मालक गेला, तरी तो दुसऱ्या कोणाला देत नाहीत, खाते बंद करता येते पण नंबर रद्द होत नाही. एवढी चिरंजीव वस्तू, आणि ती मिळवण्यास मध्यंतरी एक चहासुद्धा लागू नये!

नंबरासोबत 'सी.पी. 575' नावाचे पत्र मिळते आणि ते खाते एकदाच देते. हरवले तर पुढे फोन करून '147 सी' नावाचे दुसरे पत्र मागवावे लागते. हे मला ठाऊक होते, म्हणून सौभाग्यवतीने खिडकी मिटण्यापूर्वीच मी 'थांब' म्हणून ओरडलो, आणि पत्र संगणकात जतन झाले. ह्या प्रकरणात मी केलेले उपयुक्त काम हे एवढेच. तिचा मात्र संगणकावर विश्वास नाही. तिने नंबर भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागल्या बाजूस, दुधाच्या हिशेबाच्या खाली, पेन्सिलीने लिहून ठेवला. रात्री चिरंजीवांनी कंपनीचे करविषयक स्थान समजावून सांगितले. एकाच मालकाची अशी कंपनी, दुसरा पर्याय निवडला नाही तर, आयकराच्या दृष्टीने 'डिसरिगार्डेड एंटिटी' ठरते: अस्तित्वात आहे, पण हिशेबात धरायची नाही. मी म्हटले, समजले. ही अवस्था मला विस्ताराने सांगण्याची गरज नव्हती. निवृत्तीनंतर मी ह्याच पदावर आहे.

त्यानंतर पंधरवड्याने घरी भारदस्त लिफाफे येऊ लागले. त्यांवर गरुडासारखे काहीतरी छापलेले असे, भाषा कायद्याची असे, आणि अमुक इतके डॉलर भरल्यास आपणास ई.आय.एन. मिळवून देऊ, असा मजकूर असे. त्यातले एक पत्र मी कौतुकाने ठेवून घेतले आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूपर्यंत पोचण्याची फी घेणारे लोक आमच्या कचेरीच्या फाटकाबाहेरही बाकडी टाकून बसत. त्यांच्यापाशी टंकलेखन यंत्र असे, एवढे तरी होते.

बँकेत खाते उघडले. पहिल्या गणेशोत्सवात चाळीस पिशव्या गेल्या. पिशवीवर इंग्रजीत ते लोंबते चिन्ह अजून आहे, दप्तरात नाही. बँकेतल्या तरुणाने एकदा दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि काही बोलला नाही. तेव्हा आपणांपैकी इकडे राहणारे कोणी लोणची, मसाले अथवा दिवाळीचा फराळ ह्यांचा धंदा काढणार असतील, त्यांना एवढेच विनवणे आहे: नंबराला एक पैसाही लागत नाही, कोणाला देऊ नये, अर्ज दिवसाउजेडी करावा, चष्मा आधी पुसून घ्यावा, आणि नाव ठेवताना षष्ठी मराठीच ठेवावी.