हयातीचा महिना

नोव्हेंबर हा महिना माणसं जिवंत आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी राखून ठेवलेला आहे. पेन्शन घेणाऱ्यांना हे ठाऊक असतं आणि बँकेत पेन्शनच्या काउंटरवर बसणाऱ्या माझ्यासारखीला तर चांगलंच ठाऊक असतं. ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणजे गर्दी होऊ नये. पण पुण्यातला ऐंशीचा माणूस असली सवलत घेत नाही. तो दिवाळी उरकून नोव्हेंबरातच येतो, रांगेत उभा राहतो आणि रांग कशी असावी हे रांगेला समजावून सांगतो.

२०१४ साली ‘जीवन प्रमाण’ आलं आणि हे काम संगणकावर गेलं. आधार क्रमांक घालायचा, मशीनवर बोट टेकवायचं, हिरवा दिवा लागला की माणूस जिवंत. अडचण अशी की जन्मभर खडू धरून, भांडी घासून, फायली चाळून बोटांवरच्या रेषाच पुसट झालेल्या असतात. मशीन लाल दिवा लावतं. मग मी सांगते, “आजी, बोट जरा कपाळावरून फिरवा.” कपाळाचं तेल बोटाला लागलं की कधीकधी ठसा उमटतो. हे कुठल्याही परिपत्रकात नाही, पण निम्मी बँक अशाच गोष्टींवर चालते. तेवढ्यानंही नाही भागलं तर मोबाइलसमोर चेहरा धरायचा आणि पापण्या मिटायच्या.

परवा १३ तारखेला एक निवृत्त गुरुजी पापण्याच मिटेनात. “डोळा न लवता वर्ग सांभाळलाय मी,” ते म्हणाले. मागून त्यांच्या मंडळी कडाडल्या, “मिटा हो एकदाच! दुपारी पेपर वाचताना बरे मिटतात!” गुरुजींनी रागानं बायकोकडे पाहिलं, चेहरा चौकटीबाहेर गेला आणि सरकारदरबारी ते पुन्हा अधांतरी लटकले.

तोवर माझ्या मोबाइलवर घरून तीन फोन येऊन गेले होते. कारण त्याच दिवशी सकाळी सात वाजता, तोंडात ब्रश असताना, लेकीनं जाहीर केलं होतं, “आई, उद्या बालदिन. मी नेहरू आहे.” शाळेच्या ग्रुपवर तसा निरोप आधीच आला होता म्हणे, पण त्यावर साठ आयांनी हात जोडल्यामुळे तो खाली गाडला गेला होता. टोपी, जाकीट आणि गुलाब. टोपी आणि जाकीट आप्पांकडे होतं. आप्पा म्हणजे माझे सासरे, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी जाकीट दिलं, पण आधी कॅलेंडरच्या मागे ‘एक नग जाकीट, सुस्थितीत’ असं लिहून चौथीतल्या नातीची सही घेतली. गुलाब माझ्याकडे आला.

सासूबाई नणंदेकडे नाशिकला. नवरा घरून काम करतो, म्हणजे घरी असतो पण घरात नसतो. कानाला यंत्र लावून तो अमेरिकेशी बोलतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या तर बोटानं ‘म्यूट नाहीये’ अशी खूण करतो. त्यात अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातात. ती तिकडे मागे गेली की आमच्याकडे त्याची सहाची मीटिंग सातला सरकते आणि नेमकी मी वस्तीतल्या मुलांसाठी चालवते त्या अभ्यासिकेच्या वेळेवर येऊन बसते. आप्पांची संध्याकाळची गोळी, लेकीची कुरकुर आणि माझी अभ्यासिका, या सगळ्याचा वॉशिंग्टनमधल्या कायद्याशी संबंध आहे हे लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी मी आप्पांना आणि लेकीला, दोघांनाही अभ्यासिकेला बरोबर नेलं. जाकीट आप्पांच्या अंगात होतं, कारण उद्यापर्यंत ते त्यांचंच होतं.

आमची अभ्यासिका पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत आहे. स्कूटर खाली लावायची आणि बोळातल्या पायऱ्या चढायच्या. जागा गणपती मंडळाची. उत्सव संपला की खोलीत मंडळाचे ढोल राहतात आणि साडेसहा ते आठ आम्ही. मंडळाची एकच अट आहे, मुलांनी ढोलांना हात लावायचा नाही. ती अट पहिल्या आठवड्यातच शहीद झाली. एवढ्याशा खोलीत वीस मुलं आणि पंधरा ढोल ठेवून तुम्ही कुणालाही सज्जन राहायला सांगू शकत नाही.

बँकेतून रद्द झालेल्या, पाठकोऱ्या पैसे भरायच्या स्लिपा मी तिथे घेऊन जाते. आकडे शिकवायला त्यांच्यासारखं साधन नाही. मुलं ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहितात, पण तेच ‘पंचवीस रुपये भरायचेत’ म्हटलं की बरोबर लिहितात. पैशाच्या बाबतीत माणूस लहानपणापासून सावध असतो. म्हणून त्या दिवशी आम्ही बँक-बँक खेळायचं ठरवलं. एक ढोल आडवा करून काउंटर केलं. मॅनेजर व्हायला सगळ्यांनी एकमुखानं पैलवानाला पुढे केलं. पैलवान तिसरीत आहे, वजन दप्तरासकट वीस किलोही नसेल.

मला वाटलं होतं की तो नोटा मोजेल आणि बेरीज करेल. त्यानं आधी पाय पसरले, मग मान खाली घातली आणि समोर गिऱ्हाईक उभं आहे हे त्याला बराच वेळ दिसेचना.

“साहेब, पैसे भरायचेत,” एक मुलगी म्हणाली.

“स्लिप?”

“ही घ्या.”

“निळ्या पेनानं का भरली? काळ्यानं भरा.”

“काळं पेन कुठंय?”

“दोरीला होतं. गेलं.”

दुसरी आली. डोक्यावर ओढणी घेऊन, कमरेत वाकून. “माझी श्रावणबाळची पेन्शन आली का?”

“सर्व्हर डाऊन आहे, आजी.”

“कधी येईल?”

“जेवून येईल.”

मुलं लोळून हसत होती. मी हसत नव्हते. बँकेतलं बोलणं इतकं अचूक यायला नुसती कल्पनाशक्ती पुरत नाही, प्रत्यक्ष ऐकावं लागतं. विचारलं तेव्हा कळलं की तो आजीबरोबर जातो, तिच्या पैशांसाठी, आणि तीन महिने नुसतं जाऊन येणं चाललंय. बँक कुठली? त्यानं नाव सांगितलं. आमची नव्हती. मी एक सुस्कारा सोडला, जो खरं तर सोडायला नको होता.

आतापर्यंत आप्पा कोपऱ्यात ‘किशोर’चा बांधीव खंड मांडीवर घेऊन बसले होते. बालभारतीचं हे मासिक १९७१ साली निघालं आणि त्याचे सुरुवातीचे अंक आप्पांनी बांधून ठेवलेत. तो खंड मुलांना वाचून दाखवायला आणला होता खरा, पण दाखवण्याचा भाग ‘पान दुमडायचं नाही’ इथवरच पोचला होता. ‘तीन महिने’ ऐकून ते ताडकन उठले.

“महिन्याला किती मिळतात आजीला?”

“दीड हजार.”

“मग तीन महिन्यांचे किती थकले?”

मॅनेजरनं ढोलाकडे पाहिलं. पाढ्यात दीड नसतोच.

“दिडकी शिकवत नाहीत तुम्हाला?” आप्पांनी हा प्रश्न मुलांना विचारला, पण बघितलं माझ्याकडे. माझ्या नवऱ्याला आणि लेकीला ही दिडकी शिकवायचा त्यांचा बेत दोन पिढ्यांनी हाणून पाडला होता. इथे वीस गिऱ्हाईकं आयती समोर होती. “एक दीड दीड, दोन दिडे तीन, तीन दिडे साडेचार.” चौथ्या ओळीला कुणीतरी ढोलावर थाप मारली आणि सहाव्या ओळीला अख्खं पथक सुरू झालं. मंडळाचे एक कार्यकर्ते दारात येऊन म्हणाले, “ताई, नोव्हेंबरात कसली प्रॅक्टिस?” मी म्हटलं, “पेन्शनची.” ते थोडा वेळ थांबले आणि नवा दिडे साडेतेरापर्यंत ऐकून गेले.

“साडेचार हजार!” पैलवान ओरडला. मग आप्पांनी पाठकोऱ्या स्लिपेवर त्याच्या आजीच्या वतीनं शाखाधिकाऱ्यांना खराखुरा अर्ज लिहिला. विषय, संदर्भ आणि ‘तरी मेहेरबान होऊन’ सगळं त्यात होतं. खाली ‘पोच मिळावी’ असं दोनदा अधोरेखित केलं. तो अर्ज मी दुसऱ्या दिवशी चांगल्या कागदावर छापून दिला. पण मॅनेजरला इतक्यात खुर्ची सोडायची नव्हती. त्यानं आप्पांकडेच कागदपत्रं मागितली. आप्पा प्लॅस्टिकच्या फाइलीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. आधार, पॅन, पीपीओ, वीजबिल, सगळं ढोलावर मांडलं. पैलवान एकेक कागद उलटसुलट करत राहिला. शेवटी म्हणाला, “फोटोतल्या माणसाला केस आहेत.”

आप्पा खूश झाले. “हा पोरगा खात्यात घ्यायला हवा होता,” ते मला म्हणाले. खातं म्हणजे अर्थात पाटबंधारे.

मग माझी लेक काउंटरवर गेली. घरी भाजी चिरायला बोलावलं तर तिचं पोट दुखतं, इथे मात्र रांगेत दोनदा उभी राहिली.

“कर्ज हवंय.”

“कशाला?”

“गुलाबाला. मी नेहरू आहे.”

“उद्या या,” पैलवान म्हणाला. मग काहीतरी आठवून त्यानं मान हलवली. “उद्या नको. उद्या बालदिन. बँक बंद.”

आठ वाजून गेले होते. खाली चौकातल्या फुलवाल्याकडे झेंडू होता, शेवंती होती, तुळशीचे हार होते. गुलाब संध्याकाळीच संपले होते. उद्या बालदिन, वस्तीतल्या आणि सोसायट्यांतल्या सगळ्याच नेहरूंनी ते आधी उचलले होते. लेकीचा ओठ थरथरायला लागला. मोबाइलवर नवऱ्याचा निरोप आला होता, ‘मीटिंग वाढली. कुकरच्या किती शिट्ट्या?’

आप्पांनी जाकीट काढून नातीच्या अंगावर चढवलं. ते तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन तिला नीट न्याहाळलं.

“शास्त्रीजी हो,” ते म्हणाले. “त्यांना फूल लागत नाही. आणि उंचीही जमेल.”