सिंहांचा काय दोष?

विज्ञानकथेत घर हुशार झालं की माणसांनी सावध व्हावं. रे ब्रॅडबरीच्या ‘द वेल्ट’ या 1950 सालच्या कथेतल्या हॅडली दांपत्याला हे कोणी सांगितलं नसावं. त्यांनी तीस हजार डॉलर मोजून असं घर बसवलं, जे स्वयंपाक करतं, आंघोळ घालतं, बुटांच्या नाड्याही बांधतं. केचप राहिलं असं यजमान पुटपुटले, तर टेबलच माफी मागून ते हजर करतं. एवढी सरबराई पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयाचीही होत नाही!

राहता राहिलं पोरांना वाढवणं. तेही एका खोलीवर सोपवलं. पोरांच्या मनात येईल ते तिच्या भिंतींवर अवतरायचं. पोरांच्या मनात आले आफ्रिकेचे माळ आणि भुकेले सिंह. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाला, खोली बंद करा. बापाने खटके बंद केले. पोरांनी रडून घर डोक्यावर घेतलं, आई विरघळली, क्षणभर लावू द्या म्हणाली. बापही नमला. पुढे सिंहांची पंगत बसली आणि पानात आईबापच वाढले गेले.

आता सगळे यंत्राच्या नावाने खडे फोडतात. यंत्राने तर सांगितलेलं काम चोख केलं. पोरांना ‘नाही’ म्हणण्याचं काम तेवढं आईबापांकडे होतं, आणि ते बिचारे सरावात नव्हते. तीस हजारांत कंपनीने तीही सोय करून द्यायला हवी होती, नाही का?