साडेआठवाले साहेब

घाटंजीत सरकार एसटीनं येतं. यवतमाळहून साडेआठला सुटलेली गाडी स्टँडवर लागली आणि पाठीला सॅक, हातात डब्याची पिशवी अशी माणसं उतरायला लागली, की समोरचा पानठेलेवाला खर्रा घोटता घोटता म्हणतो, "आलं हापिस." मग दाखल्यासाठी, उताऱ्यासाठी, कसल्या ना कसल्या सहीसाठी सकाळपासून लिंबाखाली बसलेली माणसं उठतात आणि त्यांच्या मागं चालू लागतात. गाडी पंक्चर झाली तर त्या दिवशी सरकारही पंक्चर.

या मंडळींचे म्होरके म्हणजे साडेआठवाले साहेब. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात आहे आणि एसटीच्या पासावर आहे. लोकांच्या तोंडी मात्र गाडीचीच वेळ. ते कोणत्या कार्यालयात आहेत हे विचारू नका. तालुक्याच्या ठिकाणी जेवढी कार्यालयं, तेवढे साडेआठवाले. एकाला पाहिलं की सगळ्यांचं दर्शन घडतं.

यवतमाळ ते घाटंजी अंतर 40 किलोमीटरच्या आसपास. विरारचा माणूस रोज 60 किलोमीटर लोकलला लटकून चर्चगेटला जातो, हे साहेबांना सांगून पाहा. "त्याले रूळ आहेत भाऊ," साहेब म्हणतात, "आमाले खड्डे आहेत." वास्तविक साहेबांनी हा प्रवास करायलाच नको. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं असा नियम आहे, आणि नियमाप्रमाणे साहेब घाटंजीतच राहतात. कागदावर. त्यांची इथं एक खोली आहे, तिची भाडेपावती आहे, दारावर कुलूप आहे. घरमालक त्यांना ओळखतो, पण चेहऱ्यानं नव्हे, सहीनं. 2022 साली गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी मुख्यालयी न राहणाऱ्या शिक्षकांचा आणि त्यांच्या घरभाडे भत्त्याचा विषय विधानसभेत काढला, तेव्हा साडेआठच्या गाडीत आठवडाभर दुसरं बोलणं नव्हतं. साहेब शिक्षक नाहीत, तरी सर्वांत जास्त तेच तापले होते. "इथं राहून दाखवा म्हनते! अरे, मी राह्यलो इथं, तर अपडाऊन कोन करन?"

साहेबांचा दिवस मोबाइलवर उजाडतो. 'साडेआठ परिवार' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर आठपासून बातम्या सुरू होतात. "लागली का?" "नाई लागली." "लागली, पन डायवर नाई." "डायवर आला, कंडक्टर चहा पिऊन राह्यला." "दोघंई आले, गाडी दुसरीकडं धाडली." मग रडक्या चेहऱ्यांची रांग. घाटंजीला स्थानक आहे, आगार नाही; त्यामुळं आमच्याकडं धावणारी गाडी ही कायम दुसऱ्याच्या घरची. यवतमाळनं दिली तर यवतमाळची, पांढरकवड्यानं सोडली तर पांढरकवड्याची. पाहुण्याची वाट पाहावी तशी तिची वाट पाहायची, आणि आल्यावर उशीर का झाला असं विचारायची सोय नाही.

फलाटावर साहेब कुठं उभे राहतात, हे पाहण्यासारखं आहे. गर्दी फलाटाला चिकटून असते. साहेब दहा पावलं मागं, एकटेच, खांबाजवळ. गाडी मागं घेताना ड्रायव्हर कुठं थांबणार, पुढून तिसरी खिडकी कुठं येणार, हे त्यांना पाठ आहे. खिशातून रुमाल निघतो. पांढरा, निळ्या चौकटींचा, एका कोपऱ्याला गाठ आणि गाठीत रुपयाचं नाणं. नाण्याचं वजन असलं की रुमाल खिडकीतून आत जाऊन नेमक्या सीटवर पडतो. नसलं तर वाऱ्यानं भलत्याच सीटवर जातो आणि तिथला हक्क सांगावा लागतो. एकदा नेम बरोबर लागला, साहेब शांतपणे सर्वांच्या शेवटी चढले, तर सीटवर एक म्हातारी. साहेब म्हणाले, "आजी, रुमाल आहे माह्या इथं." म्हातारीनं अंगाखालून रुमाल काढला, झटकला आणि त्यांच्या हातात दिला. "घे न बापा. मले काय करायचा तुहा रुमाल?" आणि खिडकीबाहेर पाहू लागली. घाटंजीपर्यंत साहेब उभे. रुमालानं जागा अडवणं कोणत्या कायद्यात बसतं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. पण त्यानंतर साहेबांनी नाणं दोन रुपयांचं केलं.

ती तिसरी खिडकीही उजव्या बाजूची, हे महत्त्वाचं. यवतमाळहून घाटंजीला गाडी साधारण दक्षिणेकडं जाते, तेव्हा सकाळचं ऊन डावीकडून. संध्याकाळी उत्तरेकडं परत येते, तेव्हा मावळतीचं ऊन पुन्हा डावीकडूनच. म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा सावली उजवीकडं. हा शोध साहेबांनी नोकरीच्या पहिल्या मे महिन्यात लावला, आणि नवीन रुजू झालेल्या प्रत्येकाला ते तो सांगतात. फक्त एवढ्या उशिरा सांगतात, की तोवर उजवी बाजू भरलेली असते.

हिशेबाच्या बाबतीत मात्र साहेबांचा हात कुणी धरणार नाही. एसटीच्या मासिक पासात 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस फिरता येतं. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारनं पाच दिवसांचा आठवडा केला, कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली, तेव्हा सगळे कर्मचारी खूश. साहेब कॅल्क्युलेटर घेऊन बसले. महिन्यात कामाचे दिवस उरले बावीसच्या घरात. "शनवार देल्ला आन् पासातला नफा नेला," हा त्यांचा निष्कर्ष. म्हणून काही शनिवारी साहेब घाटंजीला उगाच येतात. बाजारातून ताजी वांगी, चार जुड्या सांभार घेतात, कार्यालयाचं कुलूप लांबून पाहतात आणि परत जातात. पास आहे ना. 25 जानेवारी 2025 ला भाडं वाढलं तेव्हा त्यांचा राग वाढीवर नव्हता, आकड्यावर होता. "14.95 टक्के! पंधरा म्हनाची लाज वाटली का?"

महिलांना अर्धं तिकीट 17 मार्च 2023 ला लागू झालं. यावर साहेबांचं जाहीर मत असं, की निर्णय चांगला आहे. खासगी मत असं, की उजवी बाजू गेली. एका रविवारी लग्नाला जायचं म्हणून साहेब आणि वहिनी घाटंजीच्या गाडीत बसले. वहिनींचं तिकीट अर्धं, साहेबांजवळ पास. "मी म्हनजे फुकटच," साहेब म्हणाले. वहिनींना महिलांच्या राखीव सीटवर जागा मिळाली. साहेब दांड्याला धरून उभे. इतक्या वर्षांत नवरा रोज काय सोसतो, हे बायकोला दाखवायची संधी होती, पण वहिनी म्हणाल्या, "बरी तर आहे गाडी. तुमी उगाच सांगता." हे साहेब अजून विसरलेले नाहीत.

कारण सोसणं हेच त्यांचं भांडवल आहे. साहेब उतरले की आधी गाडीची कैफियत सांगतात, मग हजेरीच्या यंत्रावर अंगठा. यंत्रानं अंगठा घेतला नाही तर उत्तम; मग दोन कैफियती. टेबलावर बसल्यावर पाणी, पाण्यानंतर पंखा, पंख्याखाली पुन्हा गाडी. मी एकदा तिथं बाकावर होतो. पारव्याकडचे एक म्हातारे बापू समोर उभे होते. सकाळी घरून पायी फाट्यापर्यंत, फाट्यावरून काळीपिवळी, स्टँडपासून पुन्हा पायी. आणि तेही पहिल्यांदा नव्हे. मागच्या खेपेला झेरॉक्स कमी पडली, त्याआधीच्या खेपेला साहेबांची गाडी आली नव्हती. साहेबांनी त्यांचा कागद हातात घेतला, पण वाचला नाही. म्हणाले, "काय सांगू बापू, आज सव्वा तास उभा. पाय पाहा, सुजून गेले. मधात टायर बसला. वरून कंडक्टर म्हनते, मागं सरका. कुठं सरकू?"

बापूंनी मान हलवली. मनापासून हलवली, यात शंका नाही. "लय तरास आहे साहेब तुमाले," ते म्हणाले. "रोज एवढं याचं म्हनजे." मग बाहेर जाऊन त्यांनी चहावाल्याला साहेबांसाठी एक कट सांगितला. कागद तसाच टेबलावर, पेपरवेटखाली. त्या चहाचे पैसे कुणी दिले, हे सांगायला नको.

2021 च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. साहेबांच्या आयुष्यातला हा सर्वांत वाईट काळ. चौघांनी मिळून एक कार ठरवली. ती दारात यायची, ठरल्या वेळी निघायची, आणि साहेब पावणेदहाला खुर्चीत! गावाची घडीच विस्कटली. लोक सवयीप्रमाणे अकराला येत, तर साहेब म्हणत, "इतका वेळ कुठं होता?" हा प्रश्न घाटंजीनं सरकारी तोंडून प्रथमच ऐकला. पण साहेब रोडावले. बोलायला विषयच उरला नाही. कारमध्ये पुढं कोण बसायचं यावरून ती चौकडी मोडली, तेव्हा त्यांना जरा तरतरी आली.

लेक मुंबईला असते. तिनं गेल्या हिवाळ्यात बाबांना भुयारी मेट्रोत बसवलं: आरे ते कफ परेड, 33.5 किलोमीटर, 27 स्थानकं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये ती पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून मुंबईच्या पाहुण्यांना दाखवायच्या गोष्टींत तिची भर पडली आहे. परत आल्यावर साहेबांनी गाडीत बयान दिलं. गार हवा, चकाचक डबा, दरवाजे आपोआप मिटतात. सगळे गप्प, जो तो मोबाइलमध्ये. कंडक्टर नाही, म्हणजे भांडायला कोणी नाही. खिडकी उघडत नाही, म्हणजे रुमाल टाकायचा कुठून? "आन् चुकली, तर पाच-सात मिनिटांत दुसरी येते," साहेब खिन्नपणे म्हणाले. "मंग चुकल्याचा उपेग काय?" कुणीतरी विचारलं, ऊन लागते का? "जमिनीखालून नेतात ना राजे हो. ऊनच नाई, तं सावलीची बाजू कोनती?" मुंबईच्या लोकांचे हाल होतात, हे त्यांनी मान्य केलं. गर्दीच्या वेळी जिन्यावर थबकलेली रांग, बाहेर आल्यावर रिक्षा नाही, हेही त्यांनी पाहिलं. पण हाल करून घेण्यात मुंबईकरांना कसब नाही, असं त्यांचं मत पडलं.

रेल्वेवरही ते अधिकारानं बोलतात. 28 फेब्रुवारी 2024 ला पंतप्रधानांनी यवतमाळातून वर्धा-कळंब गाडीला हिरवा झेंडा दाखवला. हीच लाइन पुढं यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद करत नांदेडला जाणार आहे. घाटंजीला ती शिवतसुद्धा नाही. तरी साडेआठच्या गाडीत तिच्या वेळापत्रकावर दोन तट पडले. जी गाडी आपल्याला मिळणारच नाही, ती चुकेल की काय याची काळजी करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

गंमत अशी, की मध्यंतरी त्यांना यवतमाळातच बदली मिळत होती. कार्यालय घरापासून पायी दहा मिनिटांवर. साहेबांनी अर्ज केला नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं कामाचा लोड लय आहे." हे खरं असावं. सकाळी सव्वा तास, संध्याकाळी सव्वा तास, त्याआधीची वाट पाहणं आणि नंतरचा शीण वजा केला, की घाटंजीत कामाला वेळ उरतो कितीसा! दुपारी चारपासून साहेबांची मान खिडकीकडं वळते. साडेचारला सॅकची चेन लागते. सव्वासहा ही सुटीची वेळ सरकारची. साहेबांची वेळ परतीच्या गाडीची, आणि ती सहाच्या बरीच अलीकडं आहे.

तेव्हा तुमचं घाटंजीत काही काम असेल, तर सोमवारी जाऊ नका. त्या दिवशी गाडीला गर्दी असते आणि साहेब चिडलेले असतात. शुक्रवारीही नको, त्या दिवशी ते तीनलाच निघतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार बरे. सकाळी अकराच्या पुढं, डबा उघडायच्या आत गाठा. आधी पानठेल्यावर गाडीची चौकशी करा. आणि आधारकार्डाच्या झेरॉक्स दोन नाही, चार न्या. कमी पडली तर साहेब रागावणार नाहीत; पुढच्या आठवड्यात या म्हणतील.